माणूस एकच पाहिजे

श्रीकृष्णराव मोहरिलांचं व्याख्यान ऐकलं नाही असा माणूस पुसदमध्ये सापडला, तर समजावं की तो एक तर बहिरा आहे किंवा कालच बदली होऊन आला आहे. चौतीस वर्षं परदेशी कंपनीत काढून गडी परत आला होता. शेतीची औषधं आणि अवजारं विकणारी ती कंपनी. तिने यांना टांझानियात ठेवलं, तुर्कस्तानात ठेवलं, ब्राझीलमध्ये दोनदा ठेवलं आणि शेवटी लंडनला काचेच्या खोलीत नेऊन बसवलं. तहसील कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा एवढा मोठा झाला, म्हणून गावाला कोण अप्रूप! बँकेचा वर्धापनदिन म्हणा, दहावीचा निरोपसमारंभ म्हणा, श्रीकृष्णराव करड्या जाकिटात हजर. विषय ठरलेला, नेतृत्व. शिकवणही ठरलेली.

त्यातली साओ पावलोची गोष्ट त्यांची फार लाडकी. तिथल्या कारखान्यात एकदा कामगारांनी ओरड केली, की नव्या यंत्रामुळे माणसं आजारी पडताहेत. झाडून सगळे साहेब घाबरले आणि यंत्र बंद करायला निघाले. श्रीकृष्णराव एकटे म्हणाले, थांबा, आधी मोजा. तीन आठवडे मोजमाप चाललं आणि निघालं काय, तर यंत्र निर्दोष, खानावळीच्या टाकीतलं पाणी नासलेलं! इथवर आले की ते चष्मा काढत, सभागृहभर नजर फिरवत आणि सावकाश म्हणत, "ओरडणाऱ्याचं ऐकू नका. मोजणाऱ्याचं ऐका." मग टाळ्या.

गोष्ट खरी होती, हे कबूल केलं पाहिजे. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. आयुष्यात एकदा एक किल्ली चालली आणि मोठं दार उघडलं, तर माणूस पुढे प्रत्येक कुलपाला तीच लावून बघतो, एवढंच.

याच अनुभवांचं ते पुस्तक लिहीत होते. त्यांच्या पत्नी शीलाताई दुपारी ते वाचून त्यातल्या चुका काढत. सतरा प्रकरणं झाली होती. तिसऱ्यात टांझानियातल्या म्वान्झा गावची एक हकीकत होती. तिथल्या गोदामात जुमा नावाचा मुकादम होता. औषधाच्या पोत्यांची भुकटी छातीत जाते, माणसं खोकून खोकून बेजार होतात, असं तो दोनदा येऊन म्हणाला. तरुण श्रीकृष्णरावांनी त्याला शांतपणे सांगितलं, किती माणसं, किती दिवस, लिहून आण. तो काही परत आला नाही. प्रकरणाच्या शेवटी वाक्य होतं, 'आकडे मागताच अफवा आपोआप विझली.' शीलाताईंनी तिथे समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. श्रीकृष्णरावांना वाटलं, शुद्धलेखनाचं असेल.

आणि सोळाव्या प्रकरणात होता निळा पंप.

त्यांचा पुतण्या अभिषेक याची पुसदला शेतीच्या अवजारांची एजन्सी होती. फवारणीचा हा निळा, बॅटरीवर चालणारा, पाठीवर घ्यायचा पंप त्याला काकांनीच मिळवून दिला होता, परदेशातल्या जुन्या ओळखीवर. हाताने दांडा मारायला नको, बटण दाबलं की फवारा सुरू. मजुराला पैसे मिळत ते पंपावर, म्हणजे जितक्या टाक्या भरून रिकाम्या करील तितके. त्यामुळे या पंपावर उड्याच पडल्या. आर्णीपासून फुलसावंगीपर्यंत ज्याच्या-त्याच्या पाठीवर निळा डबा. जगभर जे शिकलो ते आपल्या मातीला परत दिलं, असं श्रीकृष्णरावांनी त्या प्रकरणात लिहिलं होतं, आणि लिहिताना त्यांचे डोळे पाणावले होते.

ते साल सतराचं. ज्या बियाण्याला बोंडअळी लागत नाही म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून पेरलं, त्यालाच अळी लागली. त्यात पऱ्हाटी अशी वाढली की उभा माणूस कपाशीत दिसेना. माणसं सकाळपासून फवारत होती आणि एक औषध पुरेना म्हणून दोन-दोन औषधं मिसळून फवारत होती.

बकरी ईदच्या तीन-चार दिवस आधी, सकाळी दहाच्या सुमाराला, निजामुद्दीन त्यांच्या दारात उभा राहिला. फुलसावंगीहून एसटीने आला होता. हातात गोणपाटाचं पोतं आणि पोत्यात काहीतरी जड.

निजामुद्दीन म्हणजे शाळेतला दोस्त. मामाकडे राहून पुसदला शिकला आणि अकरावीनंतर गावी जाऊन पंप, मोटारी, शिलाई यंत्रं, जे बिघडेल ते दुरुस्त करायला बसला. शाळेच्या प्रयोगशाळेत दोघांची जोडी होती. प्रयोग निजामने करायचा आणि निरीक्षणं किसनाने, म्हणजे श्रीकृष्णरावांनी, वहीत उतरवायची. निजामचा हात चुकत नसे आणि किसनाचं अक्षर मोत्यासारखं. बक्षीस मात्र वहीला मिळे, कारण बक्षीस देणारे वहीच बघत. निजामला त्याचं कधी काही वाटलं नाही. पुढे किसना विमानात बसून गेला, तेव्हा हा गावभर सांगत होता, माहा दोस्त हाय म्हणून.

चहा झाला. निजामुद्दीनने पोत्यातून निळा पंप काढून फरशीवर ठेवला.

"हा पंप बंद कर, किसना."

"म्हणजे?"

"इकनं बंद कर. अभिषेकले सांग. पंधरा दिवसात माह्या दुकानात सतरा निळे पंप आले."

"दुरुस्तीला येणारच. हंगाम आहे."

"दुरुस्तीले नाही रे बावा, इकाले आले. अन कोण घेऊन येऊन राह्यलं, ते पाय. पंप नेला होता शंकरसिंगनं, वापस आणला त्याच्या रुपीबाईनं. उकंडाचा पंप त्याची माय घेऊन आली. म्हणते, मेला फुकट घ्या, पन घरात नको. गडी कुठं हाय म्हणलं, तं यवतमाळले दवाखान्यात. डोळ्यानं दिसत नाही, ओकाऱ्या थांबत नाहीत. आता कोणती बाई पंप घेऊन दुकानात चढली का मी समजून जातो. इचारतच नाही."

श्रीकृष्णरावांनी चष्मा पुसला. "मास्क लावत नाहीत, हातमोजे घालत नाहीत. दोन-दोन औषधं मिसळतात. त्यात पंपाचा काय दोष?"

"ते बी हाय. मी नाही कुठं म्हणतो? पन जुन्या हातपंपाचा थेंब जाड होता. खाली पडे, पानावर बसे. हा निरा धुकं फेकते. पऱ्हाटी डोक्याच्या वर, म्हून गडी नळी वर धरते. ते धुकं हवेतच राह्यते अन तो त्याच्यातूनच चालते. हे पाय."

त्याने पोत्यात हात घालून एक पांढरा बनियन काढला. निजामने निळ्या पंपात साधं पाणी भरून त्यात कपड्याची नीळ कालवली होती, नवा बनियन अंगात घालून उंच पऱ्हाटीत दोन तास फवारा मारला होता. बनियनचे खांदे, गळा, छाती निळ्या ठिपक्यांनी भरून गेली होती. दुसरा बनियन जुन्या पंपाचा. त्यावर ठिपके होते, पण कमरेच्या खाली आणि मोजके.

आता कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. दोन बनियन समोर होते, सांगणारा माणूस चाळीस वर्षं पंप उघडत-जोडत आलेला होता, आणि त्याला यातून मिळायचं काहीच नव्हतं. श्रीकृष्णरावांच्या मनातही काहीतरी हललं. पण गोदामात अजून साडेतीनशे पंप होते, सोळावं प्रकरण होतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे किल्ली खिशात होती.

"छान आहे," ते म्हणाले. "पण निजाम, हा पुरावा नाही. निळीचं पाणी वेगळं, औषध वेगळं. औषध दाट असतं, त्याचा थेंब वेगळा पडतो. आणि डाग पडला म्हणजे परिणाम झाला, असंही नाही. परिणाम दाखव."

"परिणाम तं यवतमाळले खाटेवर पडून हाय."

"ते ऐकीव झालं. कोणी किती औषध घातलं, कोण उपाशी होता, तुला ठाऊक आहे? नाही. मी उद्या कंपनीला काय लिहू? दोस्ताने सांगितलं म्हणून? मला चार ओळी मोजलेल्या दे, त्याच दिवशी विक्री थांबवतो. शब्द आहे माझा."

त्यांनी कपाटातून कंपनीची जुनी डायरी काढली, निळ्या पुठ्ठ्याची, आणि पट्टी घेऊन स्वतःच्या हाताने रकाने आखले. तारीख, वेळ, नोझल, पिकाची उंची, वारा, किती टाक्या, माणूस, परिणाम. पंपाबरोबर नळीच्या टोकाला लावायच्या दोन नोझल येत, जाड आणि बारीक. प्रत्येकाची एक सकाळ आणि एक दुपार, म्हणजे चार दिवस. रकाने आखताना त्यांना जुनी हुशारी आल्यासारखं वाटत होतं. निजामुद्दीन शेजारी वाकून, शाळेत बघायचा तसाच, कौतुकाने बघत होता.

"आणि एक लक्षात ठेव," श्रीकृष्णराव म्हणाले, "माणूस एकच पाहिजे. चारही दिवस तोच. एक दिवस दारू प्यालेला, दुसऱ्या दिवशी उपाशी, असं केलंस तर दोष पंपाचा की माणसाचा, ते ठरणार नाही. निर्व्यसनी, पोटभर जेवलेला, धडधाकट माणूस घे. औषध रोजचं, लोक घालतात तेवढंच, लोक मारतात तसंच."

निजामुद्दीन हसला. "असा गडी या दिवसात कुठं सापडते रे?"

"शोध म्हणजे सापडेल."

तो जरा वेळ डायरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हाय एक. नमाजी हाय. टायमावर जेवते."

"मग झालं तर."

कोण, असं काही श्रीकृष्णरावांनी विचारलं नाही. निजामुद्दीनने डायरी गोणपाटात नीट घालून ठेवली, पंप पाठीशी मारला आणि स्टँडवर गेला. बनियन तेवढे राहिले. शीलाताईंनी ते घडी करून टेबलाच्या खणात ठेवले.

ईद झाली, गणपती उठले. वर्तमानपत्रात रोज फवारणीच्या विषबाधेच्या बातम्या येऊ लागल्या. आज महागाव, उद्या आर्णी, परवा दुसरंच कुठलं गाव. अभिषेक एका सकाळी पेपर घेऊनच आला. सरळ मुलगा होता, घाबरलेला दिसत होता.

"काका, आपण आठ दिवस पंप देणं थांबवू का? लोक विचारून राह्यले."

"कोण विचारतंय?"

"कोणी नावानिशी नाही. पण..."

"अभिषेक, नेता घाबरला की सगळे घाबरतात. आज तू पंप थांबवलास, म्हणजे पंपाचा दोष आहे हे तूच कबूल केलंस. चाचणी चालू आहे. आकडे येऊ दे."

अभिषेक गेला. दुकानातून पंप जात राहिले.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी कॉलेजात व्याख्यान होतं. साडेअकराला श्रीकृष्णराव साओ पावलोला पोचले होते, आणि तेवढ्यात जाकिटाच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी हळूच काढून पाहिला. निजाम. त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ओरडणाऱ्याचं ऐकू नका." वाक्याचा दुसरा भाग पोरांनीच पूर्ण केला, इतका तो गावाला पाठ झाला होता. टाळ्यांनी छत हाललं.

घरी येऊन जेवण झाल्यावर त्यांनी फोन लावला. निजामुद्दीनची मुलगी अलफिया बोलली. फुलसावंगीच्या उर्दू शाळेत शिकवायची ती.

"चाचा, अब्बा निजून हायत. डोळ्याची लय आग होऊन राह्यली. डोकं दुखते म्हणतात. तुमाले काहीतरी इचारायचं होतं त्याईले."

इथे त्यांना कळायला हवं होतं. कळलंच नाही, असं त्यांची बाजू घेणाराही म्हणणार नाही. क्षणभर त्यांचा हात थांबला, हे समोर बसलेल्या शीलाताईंनी पाहिलं. पण त्या क्षणाच्या पलीकडे त्यांनी स्वतः आखलेल्या चार दिवसांच्या चार ओळी होत्या.

"थंड पाण्याने डोळे धुवायला सांग," ते म्हणाले. "आणि डायरीचं कुठवर आलं?"

"तीन दिवस झाले. एक राह्यला. आम्ही म्हणून राह्यलो का आता राहू द्या..."

"एक राहिला असेल तर तोही होऊन जाऊ दे बेटा. अर्धवट चाचणी म्हणजे चाचणीच नव्हे. मागचे तीन दिवस वाया जातील."

"सांगते," अलफिया म्हणाली.

फोन ठेवल्यावर शीलाताईंनी विचारलं, "अहो, फवारा कोण मारतंय?"

"असेल कोणीतरी मजूर."

"कोणीतरी म्हणजे?"

ते पेपर उघडून बसले. शीलाताईही पुढे बोलल्या नाहीत, आणि त्या न बोलण्याचा सल त्यांना पुढे जन्मभर राहिला.

पुढच्या गुरुवारी दुपारी अभिषेक आला आणि दारातच उभा राहिला.

"काका, निजामचाचा गेले. रविवारी यवतमाळला नेलं होतं. आज सकाळी गेले. संध्याकाळी माती आहे."

श्रीकृष्णराव खुर्चीत बसले ते उठले नाहीत. अभिषेक गाडी काढतो म्हणाला, शीलाताई साडी बदलून आल्या. हे म्हणाले, मला बरं वाटत नाही, तुम्ही दोघं जा. दोघं जाऊन आली. रात्री जेवताना ते आपण होऊन म्हणाले, "बासष्ट वर्षं म्हणजे वय झालंच होतं. हृदयाचंही असेल. डॉक्टरांनी कारण काय दिलंय?" शीलाताई ताट घेऊन आत निघून गेल्या.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे. त्यानंतरही दहा दिवस निळे पंप दुकानातून जातच होते. अभिषेकने दोनदा विषय काढला. काका दोन्ही वेळा म्हणाले, आकडे आलेले नाहीत. एवढा शिकला-सवरलेला, चार देशांचं पाणी प्यालेला माणूस आपल्याच एका वाक्याच्या आडोशाला जाऊन बसला होता. बाहेर यायची त्याला भीती वाटत होती. बाहेर काय आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

दहाव्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. श्रीकृष्णराव ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली.

अलफिया फाटकातून आत येत होती. हातात गोणपाटाचं पोतं आणि पोत्यात काहीतरी जड. बाई पंप घेऊन येते तेव्हा मी समजून जातो, विचारतच नाही, असं निजाम म्हणाला होता. श्रीकृष्णरावांनी हातातला पेपर खाली ठेवला.

"अम्मी इद्दतमध्ये हाय. तिले घराबाहेर निंगता येत नाही," अलफिया म्हणाली. "म्हून मी आली." तिने पंप फरशीवर ठेवला, पहिल्यांदा निजामने ठेवला होता त्याच जागी. मग पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची डायरी काढली. "हे तुमच्यापाशी पोचवा म्हणे अब्बा. दवाखान्यात शुद्धीवर होते तोवर तेच म्हणत होते."

शीलाताई आतून आल्या आणि अलफियाच्या शेजारी बसल्या. श्रीकृष्णरावांनी डायरी उघडली.

रकाने त्यांनी आखले होते तसेच होते. सहा सप्टेंबर, सकाळ, जाड नोझल, साडेपाच फूट, वारा पश्चिमेचा मंद, बारा टाक्या. माणूस: निजामुद्दीन. परिणाम: हात चुरचुरले, घाम जास्त, जेवण गेलं नाही. अक्षर टपोरं, एकेक शब्द जपून काढलेला. सात सप्टेंबर, दुपार, जाड नोझल. माणूस: निजामुद्दीन. परिणाम: दोन ओकाऱ्या, डोकं जड, रात्री हातपाय थरथरले. आठ सप्टेंबर, सकाळ, बारीक नोझल, सात टाक्या. त्यापुढे कंसात, 'बारा झाल्या नाहीत, माफी.' माणूस: निजामुद्दीन. परिणामाच्या रकान्यात अक्षर ओळ सोडून खाली उतरलं होतं. डोळ्यापुढे धूर. किसनाले फोन केला, इचारलं पाहिजे चौथा दिवस करू का.

श्रीकृष्णरावांनी ते वाक्य वाचलं आणि पुन्हा वाचलं. साडेअकरा वाजता आपण काय म्हणत होतो ते त्यांना शब्दनशब्द आठवलं.

चौथी ओळ दुसऱ्या अक्षरात होती, शाळेतल्या बाईंच्या वळणदार अक्षरात. नऊ सप्टेंबर, दुपार, बारीक नोझल, सहा फूट, वारा नाही, तीन टाक्या. माणूस: निजामुद्दीन. परिणामाचा रकाना मोकळा होता.

"त्याईले दिसत नव्हतं," अलफिया म्हणाली. "ते सांगत होते अन मी लिहून राह्यली होती. शेवटचा रकाना सांगाच्या आधीच गाडी आली." तिने पदर तोंडाला लावला आणि काढला. "आम्ही लय म्हणलो, चाचा. मजूर लावा म्हणलो. हिरासिंग तयार होता, हातापाया पडत होता कामासाठी. तं अब्बा म्हणे, ज्या कामानं माणूस मरते म्हून मीच बोंबलून राह्यलो, ते दुसऱ्याले करा कसं म्हनू? अन किसनानं सांगतलं, माणूस निर्व्यसनी पाहिजे, एकच पाहिजे. तो शिकेल हाय, त्याले समजते."

श्रीकृष्णरावांनी फोन उचलला. नंबर दोनदा चुकला. "अभिषेक, पंप थांबव. आत्ताच्या आत्ता. गोदामाला कुलूप लाव. ज्यांना ज्यांना दिलेत त्यांना फोन कर, परत आणून द्या म्हण. बाकी एजन्सीवाल्यांना मी सांगतो." मग पुढे विचारलं, कारण सवय मेल्याशिवाय जात नाही, "निजाम आला होता त्या दिवसापासून किती गेले?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "एकशे चौदा, काका."

त्यांनी फोन खाली ठेवला. दहा मिनिटंही लागली नव्हती. पंचवीस दिवसांपूर्वी, चहा प्यायल्यावर, याच खुर्चीत बसून हे झालं असतं. आणि मग त्यांना म्वान्झाचा जुमा आठवला, लिहून आणायला गेलेला आणि न आलेला. इतकी वर्षं त्यांनी त्याचं न येणं आपल्या बाजूने मोजलं होतं. आत टेबलावर तिसरं प्रकरण पडलं होतं आणि समासातलं प्रश्नचिन्ह कशाचं आहे, ते आता त्यांना विचारावं लागणार नव्हतं.

शीलाताई उठून आत गेल्या आणि खणातले दोन्ही बनियन आणून त्यांनी पंपावर ठेवले. निळे ठिपके जसेच्या तसे होते. ते बघून मात्र श्रीकृष्णराव फुटले. लहान पोरासारखे, तोंड वेडंवाकडं करून, आवाज करून रडले. अलफिया बघत बसली. तिने त्यांची समजूत घातली नाही, आणि घालावी तरी का?

ते थांबल्यावर ती म्हणाली, "चाचा, तो रकाना तुमी भरा. मी चार डाव पेन घेऊन बसली. माह्याच्यानं नाही होत. पन मोकळा ठिवला तं अब्बाची मेहनत वाया जाईन. अर्धवट चाचणी म्हणजे चाचणीच नव्हे, असं तुमीच म्हणलं होतं. ते मी त्याईले सांगतलं, तवाच ते उठले."

हे तिने रागाने म्हटलं नाही. झालं तसं सांगितलं. पण ज्या घरात तो निरोप पोचवला, त्या घरात तिलाही पुढे राहायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

श्रीकृष्णरावांनी खिशातलं पेन काढलं. चौतीस वर्षं कागदांवर सह्या केलेला हात होता तो. चौथ्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, मृत्यू. चौदा सप्टेंबर. मोत्यासारखं अक्षर होतं त्यांचं, ते पार बिघडून गेलं. शाळेतल्यासारखंच झालं होतं सगळं. प्रयोग निजामने केला होता, आणि वही पुन्हा यांच्या हातात आली होती.

अलफियाने वाकून ते वाचलं. पिशवी उचलली. पंप तिथेच राहू दिला. फाटकापाशी गेली आणि आठवल्यासारखं करून मागे वळली.

"एक इचाराचं राह्यलंच," ती म्हणाली. "अब्बानं शेवटी हेच इचारलं होतं. म्हणे, किसनाले पूस, इतल्यानं होते का, का अजून काही कमी पडते?"

श्रीकृष्णराव उभे राहिले. त्यांनी नुसती मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, हे अलफियाला कळलं नाही. ती थोडा वेळ थांबली, मग एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेली.